घोडा की छत्री?

पगारेंच्या घरी नळ दुरुस्त करायला आलेला माणूससुद्धा एका प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय बाहेर पडू शकत नाही. नळ गळायचा थांबतो, पान्हा पिशवीत जातो, चहा पुढे येतो, आणि पगारे रेकॉर्ड प्लेअरपाशी जाऊन उभे राहतात.

"पाच मिनिटं बसा. दोन गाणी लावतो. एक घोड्यातलं, एक छत्रीतलं. कोणतं चांगलं ते सांगायचं. आणि का, ते पण सांगायचं. कारणाशिवाय शिक्का नाही."

नळवाला बिचारा माझ्याकडे बघतो. मी मान खाली घालून चहा पितो. मी या परीक्षेला बसून कितीतरी वेळा नापास झालेला माणूस आहे, मी काय मदत करणार?

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या इमारतीत पगारे माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. अंबडच्या एका कारखान्यात त्यांनी पस्तीस वर्षं तयार माल तपासला. त्यांनी 'पास' म्हटलं तर माल गाडीत चढायचा, 'रिजेक्ट' म्हटलं तर भंगारात जायचा. मालकाच्या मेव्हण्यानं येऊन विनवण्या केल्या तरी भंगारातला माल हे परत हातात घेत नसत. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण तपासणी सुटली नाही. आमच्या सोसायटीच्या जिन्याच्या पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नाहीत, हे सगळ्या इमारतीत फक्त त्यांना ठाऊक आहे. सातवी पायरी 'रिवर्कला' पाठवायला हवी, असं त्यांनी सेक्रेटरीला लेखी कळवलंय.

आता घोडा आणि छत्री काय, ते सांगतो.

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी पगारेंनी देवळाली कॅम्पातून एक जुना रेकॉर्ड प्लेअर आणला. कुणी लष्करी अधिकारी बदली होऊन निघाला होता, त्याच्या घरचं सामान विकायला काढलं होतं. प्लेअरसोबत दोन इंग्रजी रेकॉर्ड्स आल्या. दोन्ही एकाच विलायती बँडच्या. कानठळ्या बसवणाऱ्या गिटारी, ढोल बडवल्यासारखे ड्रम, आणि दात दुखत असल्यासारखा ओरडणारा गायक. एकीच्या पाकिटावर माळरानात उभा असलेला घोडा होता, दुसरीवर उलटी झालेली छत्री. बँडचं नाव पगारे झोकात सांगायचे, पण त्यांचा उच्चार दर वेळी वेगळा असायचा, त्यामुळे ते मला कधी लिहून घेता आलं नाही. इमारतीत सगळे त्याला 'पगारेंची बँडपार्टी' म्हणतात.

पगारेंचं सगळं पाश्चात्य संगीत म्हणजे या दोन रेकॉर्ड्स. तिसरी त्यांनी कधी घेतलीच नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तिसरी कशाला, सर? या दोघींवरचंच भांडण मिटंना अजून."

गाण्यांचे शब्द त्यांना कळत नाहीत. गावाकडे, विंचूरच्या शाळेत, इंग्रजी आलं आणि गेलं, असं ते म्हणतात. पण त्याचं त्यांना काही वाटत नाही. "मशीनचे शब्द कळतात का कुणाला? पण आवाजावरून मी सांगायचो ना, बेअरिंग गेलंय म्हणून!"

हे खरं होतं. कारखान्यात मोठमोठ्या प्रेस होत्या, दिवसभर पत्र्यावर धडाधड आदळायच्या. कामगारांना कानात घालायला बोळे मिळायचे. पगारे कधी घालत नसत. "बोळे घातले तर प्रेस काय बोलतीय ते कसं कळणार? लय बोलती ती." पस्तीस वर्षं ते प्रेसचं बोलणं ऐकत राहिले.

तर त्या कानांनी त्यांनी निकाल दिला होता, की घोडा पास आणि छत्री रिजेक्ट. कारण घोड्यानंतर बँडमधला ड्रमवाला बदलला. पाकिटाच्या मागच्या फोटोंवरून त्यांनी हे शोधून काढलं होतं. "मटेरियल तेच, मशीन तेच, पण पाळी बदलली. घोडा हा पहिल्या पाळीचा माल. माणूस आंघोळ करून, जेवणाचा डबा घेऊन, वेळेवर आलेला. छत्री तिसऱ्या पाळीची. जांभया देत केलेली. ऐका, ऐका, इथं लूज पडलाय बघा!"

मला लूजही कळत नसे आणि टाइटही. मी निवृत्त मराठी शिक्षक. मला दोन्ही सारख्याच वाटायच्या. एकदा धीर करून तसं म्हणालो, तर पगारे दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

त्यांच्या बायकोला, शालनवहिनींना, मात्र छत्री आवडायची. दर रविवारी सकाळी वरून हे भांडण ऐकू यायचं. वहिनी म्हणायच्या, "आज छत्री लावा." पगारे म्हणायचे, "तुला काय कळतंय त्यातलं? रिजेक्ट माल आहे तो." तरी लावायचे. आणि छत्री वाजत असताना पगारेंचा आवाज बँडपार्टीच्या वर चढून खाली आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचायचा.

चार वर्षांपूर्वी शालनवहिनी गेल्या. ताप आला, दवाखान्यात नेलं, आठव्या दिवशी घरी आणलं ते तसंच. पगारे रडले नाहीत. भेटायला येणाऱ्यांना त्यांनी आजाराचा तक्ता दाखवला. कोणत्या दिवशी किती ताप, कोणती सलाईन, कुठे उशीर झाला. अगदी तपासनिसासारखं. मुलगी प्राजक्ता पुण्याहून आली होती, पंधरा दिवस राहून गेली.

आणि त्यानंतर कधीतरी ही परीक्षा सुरू झाली. आधी पगारे नुसतं भाषण द्यायचे. आता ते विचारू लागले. गॅसवाल्याला विचारलं, विमा एजंटाला विचारलं, मतदारयादी तपासायला आलेल्या गुरुजींना विचारलं. पंचवटीत रिक्षात राहिलेली पिशवी परत द्यायला एक रिक्षावाला जिने चढून आला, त्यालाही बसवून घेतलं. त्यानं दोन्ही गाणी शांतपणे ऐकली आणि म्हणाला, "साहेब, पहिल्यात भांडण चाललंय. दुसऱ्यात भांडण मिटलंय, पण कोनी बोलत नाय." पगारेंनी त्याला ते दोनदा म्हणायला लावलं आणि एका जाड वहीत लिहून घेतलं. वहीत रकाने आखलेले: नाव, तारीख, घोडा, छत्री, कारण.

प्रश्न विचारला की ते समोरच्याच्या तोंडाकडे रोखून बघत. ओठांकडेच. आपल्याला मोजपट्टीत धरल्यासारखं वाटायचं. इमारतीत सगळे म्हणायचे, बायको गेल्यापासून माणूस फार उर्मट झालाय. आपण काही बोलायला गेलो की मध्येच तोडून स्वतःचंच सुरू करतो. हाक मारली तर वळून बघत नाही. शिवाय बँडपार्टीचा आवाज रोज वाढत चाललेला. शेवटी सेक्रेटरीनं नोटीस काढली. पगारेंनी ती वाचली, आवाजाच्या बटणावर तीन आकड्यापाशी लाल रेघ मारली, आणि सेक्रेटरीला वर बोलावून ती दाखवली. "याच्यापुढे जाणार नाही. स्टँडर्ड म्हणजे स्टँडर्ड." त्या दिवसापासून आवाज खरोखरच कमी झाला. आम्हाला वाटलं, चला, माणूस सुधारला.

मागच्या दिवाळीआधी त्यांनी घराला रंग दिला. रंगारी दोन आठवडे राबले, पगारेंनी त्यांच्याकडून एक भिंत तीनदा करून घेतली. काम संपल्यावर मी रविवारी सकाळी दहाच्या सुमारास घर बघायला वर गेलो. दार उघडंच होतं. पगारे डोळे मिटून बसले होते आणि गुडघ्यावर बोटांनी ताल धरत होते.

रेकॉर्ड फिरत होती. सुई टेकलेली होती. मला वाटलं, गाणं आत्ता सुरू होईल. मी समोर बसलो. मिनिट गेलं, दुसरं गेलं. खालच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. मग लक्ष देऊन ऐकलं, तर सुईपाशी कुठेतरी मुंगीएवढं गाणं वाजत होतं. डबीत कोंडलेल्या किड्यासारखं. एवढंच. दोन्ही स्पीकर गप्प.

पगारेंनी डोळे उघडले, मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "बरोबर वेळेला आलात, सर! घोडाच लावलाय. आता बघा, आता ड्रम येतोय... आला! बघितलं? काय टायमिंग आहे!"

मी उठून स्पीकरच्या मागे पाहिलं. रंगाऱ्यानं भिंत मोकळी करायला वायरी काढल्या होत्या, त्या पुन्हा जोडल्याच नव्हत्या. दोन्ही वायरी फरशीवर पडल्या होत्या. त्यांच्यावर रंगाचे शिंतोडे होते. रंगारी जाऊन नऊ दिवस झाले होते.

"कसं वाटलं?" पगारे माझ्या ओठांकडे बघत म्हणाले.

मी चाळीस वर्षं वर्गात उभा राहिलो आहे. कॉपी करणारं पोर पकडल्यावर कसं बोलायचं, ते मला माहीत आहे. पण इथे काय बोलायचं ते कळेना. शेवटी मी सावकाश म्हणालो, "पगारे, वायर सुटली आहे."

त्यांनी वायरीकडे पाहिलं. मग सुईकडे. मग खिडकीबाहेर. उठले, स्क्रूड्रायव्हर आणला, गुडघे टेकून बसले, आणि दोन्ही वायरी अगदी व्यवस्थित, तांबड्याला तांबडी, काळ्याला काळी, जोडल्या. वायरी बसताच बँडपार्टी खोलीत येऊन कोसळली. मी दचकलो. पगारे जमिनीवर तसेच बसून होते.

"आता येतंय का?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. येतंय.

ते सुई उचलून माझ्यासमोर येऊन बसले. मी खुणेनंच विचारलं, कधीपासून?

"रिटायर झालो तेव्हा झांजा गेल्या," पगारे म्हणाले. "मला वाटलं, रेकॉर्ड झिजली. मग गाणारा गेला. मग गिटारी एकेक करून गेल्या. ड्रम लय दिवस होता. शालन गेली त्या वर्षी तोही गेला. तुमचं बोलणं थोडं कळतं, तोंड दिसलं तर. तुम्ही बरे आहात, शिक्षकासारखे बोलता. गॅसवाला मिशीत बोलतो, त्याचं काहीच कळत नाही."

प्राजक्तानं कॉलेज रोडच्या एका डॉक्टरला दाखवलं होतं. कानाच्या आतल्या नसाच गेल्यात, त्या परत येत नाहीत, असं तो म्हणाला. कानाचं मशीन मिळालं. "मशीननं भांडी पडलेली कळतात. गाणं लावलं, तर पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखं. ठेवून दिलं कपाटात. प्राजूला सांगितलं, झकास चाललंय."

"मग ही परीक्षा कशाला घेता?" मी विचारलं. त्यांना कळलं नाही. मी वहीकडे बोट दाखवून पुन्हा विचारलं.

पगारेंनी ती वही माझ्यापुढे सरकवली. मी पानं उलटली. शंभरेक माणसांची नावं होती. घोड्याचा रकाना पहिल्यापासून शेवटपर्यंत कोरा होता. छत्रीचा मात्र भरलेला. 'गाणारा दमलेला वाटतो.' 'पाऊस उघडल्यासारखं.' 'दुसरं गाणं लांबलंय.' 'माहीत नाही, बरं वाटलं.' आणि रिक्षावाल्याचं वाक्य, दोन रेघांमध्ये.

"घोडा मला पाठ आहे," पगारे म्हणाले. "तो कानाशिवाय वाजतो. छत्री मी कधी ऐकलीच नाही, सर. रिजेक्ट केलेला माल मी परत हातात घेत नाही. ती दर रविवारी लावायला सांगायची, आणि मी तिला चुका दाखवत बसायचो. तिला काय आवडायचं, ते एकदा पण विचारलं नाही. ती गेल्यावर म्हटलं, आता बसून ऐकू. बाजू लावली. नुसती फिरत होती." ते थोडं हसले. "तेव्हापासून विचारतोय. तिला काय ऐकू येत होतं, कुणाला तरी येत असंल ना?"

मी खाली आलो आणि सगळं बायकोला, सुनंदाला, सांगितलं. ती ओट्याशी मेथी निवडत होती. तिचा हात थांबला.

"छत्री होय?" ती म्हणाली. "मला सांगितलं होतं की शालननं."

"काय सांगितलं होतं?"

"म्हणायची, घोडा लागला की हे तोंडावर बोट ठेवतात. मी भांडं ठेवलं तरी डोळे वटारतात. छत्री लागली की बोलतात. गाण्याला नावं ठेवता ठेवता कारखान्यातलं सांगतात, विंचूरचं सांगतात, त्यांच्या आईचं सांगतात. मग मी मध्ये मध्ये म्हणते, मला तर चांगली वाटली बाई. की आणखी बोलतात. आठवड्यात तेवढीच चाळीस मिनिटं हे माझ्याशी बोलतात. असं म्हणायची शालन. हसून हसून सांगायची."

"मग चार वर्षांत तू त्यांना हे सांगितलं का नाहीस?"

"मला कुठे विचारलं त्यांनी?" सुनंदा म्हणाली. "अख्ख्या नाशिकला बसवून विचारलं. मी गेले की म्हणायचे, वहिनी, चहा टाकता का, पाहुणे आलेत."

मी दिवसभर विचार केला. सांगावं की नाही? चार वर्षं माणूस काहीतरी शोधतोय, ते तिथे नव्हतंच, असं त्याला सांगायचं? आणि सांगायचं तरी कसं? नुसत्या ओठांवरून एवढं सगळं त्यांना कळणार नाही, आणि ओरडलो तर फक्त अख्ख्या जिन्याला ऐकू जाणार. शेवटी मी एका कोऱ्या कागदावर, फळ्यावर सुविचार लिहायचो त्या अक्षरात, शालनवहिनींचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वर गेलो आणि तो कागद पगारेंच्या हातात दिला.

त्यांनी तो आलेल्या मालाची चिठ्ठी वाचावी तसा, बोट ठेवून वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. चष्मा काढला, पुसला, घातला.

"म्हणजे छत्रीत काही नाही," ते म्हणाले.

माझे ओठ हलले नाहीत, हे त्यांना दिसलं असावं.

"चाळीस मिनिटं," ते म्हणाले. "एक बाजू वीस, दुसरी वीस. बरोबर आहे तिचा हिशेब." मग त्यांनी विचारलं, "बाकीचे दिवस मी काय करत होतो, सर?"

मीही त्याच इमारतीत राहत होतो. संध्याकाळी ते कामावरून येताना दिसायचे, पेपर घेऊन बसलेले दिसायचे. मीही माझ्या घरात पेपर घेऊन बसलेला असायचो.

पगारेंनी वही उचलून कपाटावर ठेवली. मग दाराकडे गेले, परत आले, हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखे खोलीच्या मध्यात उभे राहिले. एवढा मोठा आवाज असलेला माणूस, पण पुढचं वाक्य त्यांनी इतकं हळू म्हटलं, की मलाच पुढे वाकावं लागलं.

"वहिनींना जरा वर बोलवाल का? चहाला नाही. चहा मी करतो. ती आणखी काय काय बोलायची, ते मला विचारायचंय. त्यांना म्हणावं, सावकाश बोला. उजेडाकडे तोंड करून बसा. मी बघतो."

सुनंदा आली. तिला खिडकीपाशी बसवलं. पगारे स्टूल घेऊन तिच्यासमोर, शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या मुलासारखे बसले. चहा त्यांनी केला होता, त्यात साखर घालायची राहिली होती. आम्ही तो तसाच प्यायलो.

"काय सांगू, भाऊजी?" सुनंदा म्हणाली.

"काही पण सांगा. लहानसं असलं तरी चालंल."

सुनंदानं पदर सारखा केला. विचार केला. मग म्हणाली, "शालनला कारलं आवडायचं नाही."

"काय आवडायचं नाही?"

"का-र-लं. अजिबात खाववत नसे तिला. तुम्ही एवढ्या हौसेनं आणता, म्हणून खायची. माझ्याकडे येऊन गुळाचा खडा तोंडात टाकायची."

पगारे तिच्या ओठांकडे बघत राहिले. तिचं बोलणं संपलं तरी बघत होते. खाली कुणाची तरी गाडी सुरू झाली, आम्ही दोघांनी तिकडे पाहिलं, त्यांनी नाही.

"बुधवारच्या बाजारातून," ते म्हणाले, "मी दर आठवड्याला आणायचो. एकेक निवडून."